काळी छत्री सापडली आहे

माझं अक्षर नागपुरातल्या निदान एका पिढीने अंधारात वाचलं आहे. माझं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. टॉकीजमध्ये मला सगळे 'पेंटर' म्हणत, आणि रंगाऱ्याला पेंटर म्हणतात त्यातला तो प्रकार नव्हता. मी काचेवर लिहीत असे. पिक्चर सुरू होण्याआधी चष्म्याच्या दुकानाची, शिकेकाईची, बर्डीवरच्या चपलांच्या दुकानाची जाहिरात पडद्यावर झळकायची, ती माझी. 'कृपया धूम्रपान करू नये' तेही माझंच, आणि ते लिहिताना माझ्या तोंडात विडी असे.

आमच्या टॉकीजच्या जागी आता कापडाचं तीन मजली दुकान आहे. त्यामुळे नाव सांगून काही फायदा नाही. परवा नातसुनेबरोबर तिथे गेलो होतो. ती साड्या बघत होती आणि मी छत बघत होतो, कारण माझी खोली बरोबर तिथे वर होती. ऑपरेटरच्या केबिनला लागून पाच बाय सहाची खोली, एक टेबल, शाईच्या बाटल्या आणि काचांची चळत.

हा धंदा आता उरलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. स्लाइड म्हणजे तळहाताएवढी चौकोनी काच. ती एका छोट्या यंत्रात घातली की तिच्यावरचा मजकूर पडद्यावर घराएवढा होऊन दिसतो. जाहिरातीच्या काचा निवांत बसून रंगीत शाईने करायच्या. निरोपाच्या काचा निराळ्या. प्रेक्षकांत बसलेल्या कुणाला तातडीने बाहेर बोलवायचं असलं की निरोपाची काच लागते. त्यासाठी काचांवर आधीच काळ्या शाईचा हात मारून त्या वाळवून ठेवायच्या आणि निरोप आला की दाभणाने ओरखडून लिहायचं. शाई खरवडली जाते तेवढ्यातूनच उजेड जातो. त्यामुळे चालू पिक्चर न थांबवता त्याच्यावरच पांढरी अक्षरं उमटतात. काच यंत्रात घालताना डोकं खाली करून घालायची, नाहीतर पडद्यावर उलटी दिसते. पहिल्याच दिवशी मी ती सरळ घातली होती. साडेसातशे माणसांनी माना वाकड्या करून एका तहसीलदाराचं नाव वाचलं आणि ऑपरेटर रहीमचाचा मला म्हणाले, "अबे पेंटर, इतने लोगों की गर्दन का इलाज कौन करेगा बे?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. साठ सालानंतर काही वर्षं आमच्याकडे दर रविवारी सकाळी साडेनऊला इंग्रजी पिक्चर लागत असे. इंग्रजी म्हणजे अमेरिकन. मोठी लढाई संपल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत तिकडे जे पिक्चर निघाले, ते मुंबई-कलकत्ता आणि आणखी कुठे कुठे फिरून, झिजून, जागोजागी जोडलेले, आमच्याकडे येत. पडद्यावर सतत बारीक भुरभुर चालू असायची. पण काय नव्हतं त्यांत! टोप्या घालून अंधारात सिगारेटी ओढणारे लोक होते. जिन्यावरून नाचत उतरणारे लोक होते. घोडे, धूळ आणि पिस्तुलं होती. अणुबॉम्बने घराएवढे झालेले किडे होते. आणि स्वयंपाकघरं होती. बाल्कनीतल्या बायकांना नायक-नायिकेचं फारसं पडलेलं नसे. पांढरं कपाट उघडलं की आत दिवा लागतो आणि दुधाच्या बाटल्या गार असतात, हे दिसलं की वरून 'अगं बाई' असा एकच सूर यायचा. ओट्यापाशी उभ्याने काम करायचं असतं, हे नागपुरातल्या पुष्कळ बायकांनी आमच्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं.

महाल भागातला एक शिंपी दर रविवारी पहिल्या रांगेत बसायचा, कोटाचा काट बघायला. एकदा तो इंटरवलमध्ये फार नाराज दिसला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सगळ्यात चांगला कोट त्या गुंडाच्या अंगात होता, अन् त्यालेच पहिले मारून टाकलं." काटोलकडचे एक संत्रेवाले पाटील फक्त घोड्यांच्या पिक्चरला येत. नायकाशी त्यांचं घेणंदेणं नव्हतं, ते गुरं बघत. हजार-हजार जनावरांचा कळप धुळीतून जायचा आणि पाटील शेजाऱ्याला सांगायचे, "इतकी जनावरं, पण एकाच्याही गळ्यात घंटी नाई. हरवलं त सापडन कसं?"

अडचण एवढीच होती की त्या पिक्चरमध्ये काय बोलतात ते शंभरातल्या नव्वदांना कळत नसे. शेठजी म्हणाले, "पेंटर, तू गोष्ट लिही. सुरुवातीला थोडी, इंटरवलला थोडी. काचेवर." शेठजींच्या लेखी लिहिता येणं आणि समजणं एकच होतं. मी सातवी पास. इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, जशी शेजारच्या गल्लीतली माणसं तोंडाने ओळखीची असतात, पण घरात काय चाललंय ते माहीत नसतं. पिक्चरबरोबर एक छापील इंग्रजी कागद यायचा, तो कुणालाच वाचता येत नसे. मग शनिवारी रहीमचाचा प्रिंट तपासायला दोन-तीन रिळं लावत, तेवढी पाहून आणि टॉकीजबाहेर लावायच्या फोटोंवरून अंदाज बांधून मी गोष्ट ठोकून देत असे.

पहिल्याच पिक्चरमध्ये एक बाई नवऱ्याला हाक मारताना सारखी 'हनी' म्हणत होती. मी लिहिलं : 'हनी हा एका मोठ्या कचेरीत कारकून असतो.' पुढच्या रविवारी दुसरा पिक्चर, दुसरा माणूस, त्याचंही नाव हनी. मला वाटलं, आपल्याकडे घरोघरी एक राम असतो तसं असेल. तिसऱ्या खेपेला तो पोलिसात होता. मी लिहिलं : 'हनी आता फौजदार झाला आहे.' गंमत म्हणजे लोकांना हे पटलं. लोक हनीची चौकशी करू लागले. पानवाला मला विचारायचा, "या टायमाले हनीचं काय चालू हाये गा पेंटर?"

चौथ्या रविवारी खेळ सुटल्यावर एक तिशीचा, सडपातळ, चांगल्या कपड्यांतला माणूस जिना चढून माझ्या खोलीत आला.

"हे हनीचं तुम्ही लिहिता?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, कौतुक करायला आला आहे.

"हनी म्हणजे मध."

"त्याचं नाव मध हाये?"

"नाव नाही हो. बायको नवऱ्याला लाडाने म्हणते."

"सगळ्यायसमोर?"

तो इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. हेच डॉक्टर हरकरे. धंतोलीत त्यांच्या वडिलांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. वडील आणि मुलगा दोघं मिळून ते चालवत. हरकरे मुंबईत शिकले होते आणि त्या वर्षांत अभ्यासापेक्षा अमेरिकन पिक्चरच जास्त पाहिले, असं ते स्वतःच सांगत. त्या दिवसापासून ते माझे मास्तर झाले. दर शनिवारी दुपारी मी तो इंग्रजी कागद घेऊन धंतोलीला जायचो. बाहेरच्या बाकावर पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, आणि मधे मी एकटा. नर्स हाक मारायची, "पेंटर, आत या." सासवा माझ्याकडे अशा बघायच्या की मला कानकोंडं व्हायचं. आत डॉक्टर दहा मिनिटांत गोष्ट सांगत आणि शेवटी त्यावर आपलं काहीतरी सांगत, ते मला आवडे. एकदा मी विचारलं होतं, लढाई तर हे लोक जिंकले, मग त्यांचे पिक्चर इतके काळोखी काहून? डॉक्टर म्हणाले, "जिंकून घरी आले, पण झोप लागत नाही त्यांना. घरात सगळं नवं आहे, फ्रीज आहे, मोटार आहे, आणि झोप नाही. ते पिक्चर झोप न येणाऱ्यांचे आहेत." मी ते जसंच्या तसं काचेवर लिहिलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही, पण मला त्या टोपीवाल्यांबद्दल माया वाटू लागली.

डॉक्टरांची एकच अडचण होती. ते चोरून येत. घरी सांगत की रविवारी गीतेच्या वर्गाला जातो. दिवे गेल्यावर मागच्या कोपऱ्यात येऊन बसत आणि दिवे यायच्या आधी उठत. त्यांच्या वडिलांचा धाक होताच, पण खरं कारण धंद्याचं होतं. इंग्रजी पिक्चर म्हणजे चुंबनाचे, असा त्यांचा लौकिक. खेड्यापाड्यांतून आलेली बाई आधीच पुरुष डॉक्टरापुढे बिचकते. त्यातून हा डॉक्टर इंग्रजी पिक्चर बघतो असं सासूच्या कानावर गेलं, तर ती सुनेला पायरी चढू देणार नाही. पण अडलेली बाळंतीण वार बघून येत नाही. मग बोलवायचं कसं? नाव तर पडद्यावर टाकायचं नाही.

तोड मीच काढली. मी एक काच कायमची करून ठेवली : 'काळी छत्री सापडली आहे. मालकाने बाहेर भेटावे.' हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंना हे ठाऊक होतं. बोलावणं आलं की त्यांचा माणूस येऊन मला नुसतं 'छत्री' म्हणायचा, मी काच घालायचो, आणि डॉक्टर सावकाश उठून छत्री घ्यायला निघाल्यासारखे बाहेर पडायचे. चार-पाच वेळा हे झालं. एका पावसाळ्यात खरोखर छत्री हरवलेला एक शाळामास्तर ती मागायला आला आणि नाही म्हटल्यावर भांडला. तेवढं सोडलं तर सगळं बिनबोभाट चाललं होतं.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. पण लिहायला बसलो ते त्यासाठीच.

हनीमुळे मला लोकांना हसवायची गोडी लागली होती. माणसाच्या डोक्यात शिरायला एवढंसं कौतुक पुरतं. पिक्चरची फीत तुटली की पूर्वी पडदा पांढरा व्हायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. आता मी लगेच काच टाकू लागलो : 'नायक पाणी प्यायला गेला आहे.' किंवा 'घोडा दमला.' लोक हसून टाळ्या पिटायचे. काही जण पिक्चर तुटायची वाट बघत. रहीमचाचा म्हणायचे, "पेंटर, ये काँच खेलने की चीज नहीं है." मी ऐकलं नाही.

एप्रिलअखेरच्या एका रविवारी पिक्चरमध्ये धो धो पाऊस चालू होता आणि टोपीवाला नायक त्यात भिजत उभा होता. मला राहवलं नाही. हाताशी छत्रीची काच होती, मी ती घातली. सगळं थिएटर खदखदून हसलं. पाच मिनिटांनी डॉक्टर घाबरेघुबरे होऊन वर आले.

"कोण आलंय?"

"कोणी नाई डॉक्टरसाहेब. तो भिजून राहिला होता म्हणून..."

ते हसले. "छान आहे. पण छत्रीवर नको, पेंटर." एवढंच बोलून ते परत आत गेले. मी मान डोलावली, आणि मला खरं तर अभिमानच वाटत होता.

पुढच्या रविवारी घोड्यांचा पिक्चर होता. वाळवंट, डोक्यावर ऊन, नायकाची पाण्याची बाटली रिकामी. बाहेर मे महिन्याचं नागपूर, त्यामुळे प्रेक्षकांनाही तहान लागलेली. हॉल गच्च भरला होता. अकराच्या सुमारास मला खाली बोलावणं आलं. दारात एक धोतर-बंडीतला तरणा माणूस उभा होता, घामाने निथळत, पायात वहाणा नाहीत. कोराडीकडच्या एका गावचा सदाशिव. त्याच्या बायकोला, कौसल्याला, पहाटेपासून कळा होत्या आणि बैलगाडीने आणून धंतोलीत ठेवलं होतं. म्हातारे डॉक्टर लग्नाला अमरावतीला गेले होते. नर्सबाईंनी याला पळत पाठवलं होतं.

"बाईनं सांगतलं, पेंटरले फक्त छत्री म्हणजो. मी म्हणलं, अवं बाई, माही बायको अडली हाये, अन् तू छत्री काहून म्हणून राहिली?"

मी वर धावलो आणि काच घातली. पडद्यावर नायक तापलेल्या वाळूतून सरपटत होता, आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं : 'काळी छत्री सापडली आहे.'

थिएटर फुटायचं बाकी राहिलं. इतका हशा आमच्या टॉकीजने कधी ऐकला नसेल. गेल्या रविवारची गंमत सगळ्यांना आठवत होती. कुणी ओरडलं, "त्याले देऊन टाक बे, ऊन लागून राहिलं!" मी झरोक्यातून मागचा कोपरा बघितला. कुणी उठलं नाही.

मी खाली आलो. सदाशिव हॉलच्या दारात उभा होता. दार त्याने अर्धं उघडलं होतं, त्याच्या अंगावर बाहेरचं ऊन पडलं होतं आणि आतली पहिली दोन-चार तोंडं त्याच्याकडे वळली होती. तो मला म्हणाला,

"लोक काहून हासून राहिले गा?"

मी त्याला बाजूला करून आत शिरलो. डॉक्टरांच्या नेहमीच्या खुर्चीवर दोन कॉलेजची पोरं बसली होती. गर्दीमुळे ते दुसरीकडे कुठेतरी बसले होते. मी रांगारांगांतून वाकून तोंडं बघत फिरलो. अंधारात सगळी तोंडं सारखी असतात. लोक 'बस खाली' म्हणून ओरडत होते, कुणी सदरा ओढला. हाक मारावी तर नाव घ्यायचं नाही असा शब्द दिलेला. मी पुन्हा वर गेलो आणि नवी काच ओरखडली : 'छत्री खरोखर सापडली आहे. लवकर या.' त्यावर पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. डॉक्टरही हसत असतील, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी त्यांना त्याच हॉलमध्ये गेल्या आठवड्यात शिकवलं होतं की छत्री ही थट्टा असते.

रहीमचाचांना मी सगळं सांगितलं. ते पिक्चरवरची नजर न काढता म्हणाले, "नाम लिख."

"उनका धंदा बैठ जाएगा चाचा. मैंने जबान दी है."

"अबे, वो पैदा होनेवाला तेरी जबान पूछेगा क्या? नाम लिख."

मी तिसरी काच घेतली. माझं अक्षर वळणदार होतं, त्याचा मला गर्व होता. ती काच मी जशी हात चालेल तशी खरवडली : 'डॉ. हरकरे, धंतोली. बाळंतीण अडली आहे.'

हशा मधेच थांबला. वाळवंटातल्या वाऱ्याचा आवाज तेवढा चालू राहिला. मग मधल्या रांगेतून एक माणूस उठला, लोकांच्या गुडघ्यांना ठेचकाळत बाहेर आला आणि धावत सुटला. त्याची सावली पडद्यावर पडली, त्या सरपटणाऱ्या नायकावरून ओलांडून गेली. साडेसातशे लोकांनी ती पाहिली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. सदाशिव मागे बसला होता.

या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण रीळ केवढं संपलं होतं त्यावरून रहीमचाचांनी सांगितलं.

मुलगी झाली. जिवंत, ठणठणीत. पण कौसल्याला रक्तस्राव थांबेना आणि शेवटी तिची पिशवी काढावी लागली. ती वाचली, पुन्हा मूल होणार नव्हतं. हे मला बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं. मी बाकावर बसलो होतो, या वेळी कागद न घेता. मी विचारलं, "ती दहा मिनिटं मिळाली असती तर?"

डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिले. "सांगता येत नाही, पेंटर. खरंच सांगता येत नाही." ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मीही हसलो होतो," ते म्हणाले.

त्यांच्या धंद्याची मला जी भीती होती तिचं उलटंच झालं. वडील महिनाभर बोलले नाहीत म्हणे. पण गावोगाव बातमी गेली ती वेगळीच. पिक्चर ऐन रंगात असताना अर्धा टाकून धावत जाणारा डॉक्टर! सासवा स्वतः सुना घेऊन येऊ लागल्या. म्हणजे ती छत्री मुळात नकोच होती. पुढे डॉक्टर बायकोला घेऊन उजळ माथ्याने बाल्कनीत येत आणि बोलावणं आलं की मी सरळ नाव लिहीत असे. थट्टा मात्र मी पुन्हा काचेवर लिहिली नाही. शेठजी म्हणाले, "पेंटर, तुझ्या स्लाइडीत पहिल्यासारखी मजा नाही." मी म्हटलं, शाई बदलली.

बारा वर्षं गेली. कोराडीला विजेचं केंद्र उभं राहिलं, आमच्या रविवारच्या खेळाला कॉलेजची पोरंच तेवढी उरली. एका रविवारी मी खाली आलो तर बाहेरच्या बाकावर खाकी कपड्यांतला एक माणूस बसला होता, डबा मांडीवर घेऊन. मी त्याला लगेच ओळखलं. काही चेहरे माणूस मनात रोजच पाहत असतो. त्याची जमीन केंद्रासाठी गेली होती आणि त्याला तिथेच कोळशाच्या खात्यात नोकरी लागली होती. मुलगी रंजना आत बसली होती. वर्गातल्या पोरींनी सांगितलं म्हणून तिने हट्ट धरला होता.

"तुम्ही नाही गेले आत?"

"नाई गा. मी टॉकीजात नाई जात."

मी त्याच्याशेजारी बसलो. बारा वर्षं मनात घोळवलेलं सांगायचं तर आत्ताच, असं वाटलं. मी सगळं सांगितलं. छत्री म्हणजे काय होतं, आदल्या रविवारी मी काय केलं, डॉक्टर का उठले नाहीत, ती दहा-बारा मिनिटं कुणामुळे गेली. डब्याचं झाकण तो अंगठ्याने दाबत होता.

शेवटी म्हणाला, "मायनं दुसरी कर म्हणलं होतं. पोरगा पायजे म्हणे. मी नाई केली." मग म्हणाला, "हे कौसीले नका सांगजा. तिले नशीबच वाटते, तेच बरं हाये. माहं काय ते मी पायतो."

मी माफी मागितली. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही. आम्ही दोघं समोरच्या रिकाम्या तिकीट खिडकीकडे बघत बसलो.

मग तो एकदम माझ्याकडे वळला.

"म्हणजे ते छत्रीले हासले होते?"

"हाव."

"मले पाहून नाई?"

मला समजेना.

"मी दारात उभा होतो. धोतर, पायात काई नाई. सगळे शिकेल लोक हासत सुटले, अन् मले वाटलं मलेच हासून राहिले. हिकडं बायको मरून राहिली, अन् लोक माह्या धोतराले हासतात. बारा वर्सं मी याच दरवाज्यावरून सायकल काढली, पण अंदर पाय नाई टाकला. पोट्टीले बी आज सोडलं त बाहेरच बसलो."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणीच हसलं नाही, सदाशिवभाऊ. ते मला हसले. माझ्या काचेला."

तो डबा उचलून उभा राहिला. मी त्याला हॉलच्या दारापर्यंत नेलं आणि दार उघडलं. तेवढ्यात आत मोठा हशा झाला. सदाशिव तिथेच थबकला, पाय उंबऱ्यावर, त्याच जागी. अंगावर तसंच ऊन. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आता काहून हासले गा?"

मी पडद्याकडे पाहिलं. "तो टोपीवाला पाण्यात पडला."

"हाव?" तो म्हणाला, आणि पोरीला शोधत आत गेला.